तोंडावरचा वारा

१

“मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. या डोळ्यांनी पाहिल्या मी. आणि म्हणे जागा नाही!”

हे माझ्यासाठी नव्हतं. समोरच्या बाकावर बसलेली बाई आपल्या पर्सला सांगत होती. पण माझं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे कुणी सुस्कारा टाकला तरी तो आधी मला लागतो आणि मग भिंतीला.

मी या विमानतळावरची हरवलेल्या सामानाची बाई. पदाचं खरं नाव चांगलं दीड ओळीचं आहे, पण सगळे मला सामानबाई म्हणतात. माझ्या पाठीमागच्या फळ्यांवर छत्र्या आहेत, कवळ्या आहेत, आणि एक लाकडी पाय आहे. त्याचा मालक पायाशिवाय विमानातून उतरून घरी कसा गेला, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

त्या दिवशी मात्र जे हरवलं होतं, ते सापडून कुणाचंही भलं होणार नव्हतं. एक बर्फाचं खोकं. आत औषध. ज्या म्हाताऱ्या बाईंसाठी ते होतं, त्या जाऊन आठवडा झाला होता.

आमचा विमानतळ लहान. इथून डोंगरापलीकडच्या गावाला दिवसातून एकदा एक छोटं पंख्यांचं विमान जातं. सरळ उडालं तर अंतर एकशे ऐंशी किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटं. तेच रस्त्याने गेलात तर डोंगराला वळसे घालत अकरा तास. खोकं इथे दिलं, तिथे उतरलं नाही. मधे थांबा नाही, दुकान नाही, माणूस नाही. मधे नुसते ढग.

बाकाच्या एका टोकाला ती बाई आणि दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ. मधे तीन माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा. दोघांची नाकं मात्र एकाच साच्यातली. सख्खे बहीण-भाऊ. तक्रारी दोन, खोकं एक, आई एक.

“सामानबाई,” आमचे साहेब, म्हणजे विमानतळाचे व्यवस्थापक, दारातूनच म्हणाले, “विमानात माल ठेवतो कोण? पैलवान. दुसऱ्या कुणाचा हात लागतो का? नाही. औषध महागातलं. मी पाच वाजता पोलिसांना बोलावलंय. तोवर तुम्हाला काय विचारायचं ते विचारून घ्या.”

पैलवान म्हणजे आमचा सामान चढवणारा. अंगाने काडी, म्हणून पैलवान. चोरीचा नुसता शिक्का बसला तरी त्याचा आत यायचा पास जातो, आणि पास गेला की पुन्हा कुठल्याच विमानतळाचं फाटक उघडत नाही. विमानाच्या कोपऱ्याकापऱ्यात सापडलेलं त्याने मला इतकं आणून दिलंय, की माझी अर्धी खोली त्याचीच म्हणायची. कवळीसुद्धा रुमालात गुंडाळून आणतो, कुणाचा तरी चेहरा आणल्यासारखी.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. पाचला फार वेळ नव्हता.

२

“बसा, दादा.”

“तासभर बसलोच आहे,” भाऊ म्हणाला, आणि तरी बसला.

चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. आठवडाभर दुरुस्त करायचं सुचलं नसावं.

“पहाटे हॉस्पिटलचा फोन आला,” तो सांगू लागला. “औषध तिथे नव्हतं, इथे मिळत होतं. मी दुकान उघडायला लावलं, बर्फात घातलं, तडक इथे आलो. म्हटलं, मलाही तिकीट द्या. तर काउंटरवरची मुलगी म्हणते, आज जागा नाही. मग खोकं मालात दिलं आणि गाडी काढली. म्हटलं, मी उशिरा पोचलो तर पोचलो, औषध तर चाळीस मिनिटांत पोचेल.” त्याने चष्मा काढून पुसला. काडी निखळली. “मी पोचलो तेव्हा त्यांनी चादर बदललेली होती.”

मी चिकटपट्टी पुढे सरकवली.

“खोकं पाठवलंय, हे ताईंना कळवलं होतंत?”

“कुणाला?”

मी बाकाकडे पाहिलं. त्याने लाकडी पायाकडे पाहिलं.

“आमचं बोलणं नाही,” तो म्हणाला. “ती म्हणत होती आईला इकडे घेऊन येऊ. मी म्हणत होतो, तिचं घर आहे, तिला राहू दे तिथे. त्यावरून. सहा वर्षं झाली.”

“आणि राहता कुठे दोघं?”

“एकाच गल्लीत.”

“मग काही निरोप द्यायचा असला तर?”

“आई होती ना,” तो म्हणाला, जणू मी पोस्ट ऑफिस कुठे आहे असं विचारलं होतं. “मी आईला फोन करायचो, आई तिला करायची. तिचं उलट तसंच.”

म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्या एकमेकींशी डोंगरापलीकडून बोलत होत्या. आई बेशुद्ध पडली आणि लाइनच गेली. हॉस्पिटलने दोघांना वेगवेगळे फोन केले. दोघांनी आपापली धावपळ केली, आपापल्या दाराला कुलपं लावली.

“खोकं देताना आत औषध आहे म्हणून सांगितलंत ना?” मी सहज विचारलं.

तो उठून उभा राहिला.

“खोकं ते खोकं. तुमच्या माणसाने विकलं ते. मला दुसरं काही ऐकायचं नाही.”

माणसाला प्रश्न नको असला की तो आधी उभा राहतो. हे मला या खुर्चीने शिकवलंय. हा माणूस काय गिळत होता?

३

बहीण आत आली ती पर्स छातीशी धरूनच.

“मी कडाडून भांडायला आले होते,” ती म्हणाली. “पण तुम्ही बऱ्या दिसता.”

“भांडा की. आमच्याकडे त्याचीच खुर्ची आहे ही.”

ती हसली आणि तेवढ्यानेच तिचे डोळे भरले.

“मी पोचले तेव्हा विमान निघायच्या बेतात. जागा नाही म्हणाली ती मुलगी. मी म्हटलं, अगं, माझी आई चाललीय गं तिकडे. मला उभं राहून ने, मागे सामानात टाक. आईचं नाव सांगितलं, हॉस्पिटलचं सांगितलं, काय काय बडबडले. ती आत गेली, आली, आणि मला काट्यावर उभं केलं. बटाट्याच्या पोत्यासारखं. पर्ससकट!”

“लहान विमान आहे. सगळ्यांनाच करतात.”

“मग बाहेर थांबवलं. विमानाचं पोट उघडून काहीतरी खाटखूट चाललेली. मग म्हणाले चला. आणि आत बघते तर मागच्या खुर्च्या रिकाम्या! मला सांगा, मग आधी रडवायचं कशाला?”

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

“आणि चाळीस मिनिटं म्हणतात ना? कसली चाळीस! तास होत आला तरी खाली डोंगरच. शेवटी मी पुढे ओरडून विचारलं, अहो, रस्ता चुकलात की काय? सगळे हसले. मीही हसले बघा. आई तिकडे तशी, आणि मी हसले.”

“भेट झाली ना पण?”

“झाली.” तिने पर्स मांडीवर ठेवली. “डोळे उघडले तिने. बोलली नाही, पण हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. डॉक्टर सारखे दाराकडे बघत होते. मला वाटलं, त्याची वाट बघतायत.” तिने बाकाकडे मान केली. “औषधाची बघत होते, ते मला नंतर कळलं.”

“औषधाने फरक पडला असता?”

“डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं हो.” ती उठली. “ज्याने ते खोकं नेलं ना, त्याला मला एकच विचारायचंय. तुला आई आहे का रे?”

ती गेल्यावर मी वरच्या, म्हणजे डोंगरापलीकडच्या, विमानतळाला फोन लावला. तिथलं सामान उतरवून घेणारे गृहस्थ जरा ऐकायला कमी आणि बोलायला जास्त.

“औषध? आमच्याकडे औषध यायचंच नव्हतं,” ते ओरडले. “त्या दिवशी एक पंप यायचा होता आणि मासे. दोन्ही नाही आले. पंप दुसऱ्या दिवशी आला. तोवर त्या गिरणीवाल्याने माझं डोकं खाल्लं.”

“मासे?”

“बर्फाचं खोकं! मासे! ते अजून नाही आले. आता नका पाठवू म्हणावं!”

४

कॅप्टन कँटीनच्या खिडकीत बसले होते. चहा थंड झाला होता.

“कॅप्टन, दोन विमानतळांमधलं अंतर रोज तेवढंच असतं ना?”

“अजून तरी डोंगर हललेला नाही.”

“मग त्या दिवशी तास कसा लागला?”

त्यांनी कप बशीत फिरवला.

“वारा तोंडावर होता. पहाटेपासून. अंतर तेवढंच राहतं, बाई, वेळ वाढतो. वेळ वाढला की इंधन वाढतं. वर उतरता नाही आलं तर परत यायलाही पुरायला हवं. आणि इंधनाला वजन असतं. मग खुर्च्या रिकाम्या सोडाव्या लागतात. लोकांना वाटतं विमान खुर्च्यांनी भरतं. ते वजनाने भरतं.”

“आणि भरल्यावर एखादं माणूस आलं तर?”

“त्याला नाही म्हणायचं.”

“आणि नाही म्हणवलं नाही तर?”

कॅप्टन उठले. टोपी उचलली, पुन्हा ठेवली.

“तुम्ही हरवलेल्या छत्र्या बघा, बाई,” ते अगदी हळू म्हणाले. “हे असू द्या.”

मला आता सगळं दिसत होतं आणि बघायचं नव्हतं. पंप उतरला, मासे उतरले. उतरवले, कारण काहीतरी चढलं. आणि वारा तर पहाटेपासूनच होता, म्हणजे सकाळी सगळी वजनं जुळवूनच ठेवली होती. भावाला तिकीट नाकारलं ते त्यामुळेच. मग त्यानंतर काट्यावर कोण उभं राहिलं?

काउंटरवरची मुलगी जागेवर नव्हती. बाथरूममध्ये होती. नळ सोडलेला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मी नळ बंद केला. पाणी वाया गेलेलं मला सहन होत नाही. मग तिला रुमाल दिला.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी चांगलंच केलं होतं ना?”

“चांगलंच केलंस गं.”

“मग असं कसं झालं?”



५

पैलवान ढकलगाडीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. तीच नाडी तिसऱ्यांदा.

“खोकं कुठाय रे?”

“चोरी माझी लावा, बाई,” तो म्हणाला. “मी काही बोलणार नाही.”

“मला विकलंस म्हणून सांग, मग लावते.”

त्याने नाडी सोडून दिली.

“कॅप्टन म्हणाले, एका माणसाएवढं वजन खाली घे. प्रवाशांच्या बॅगांना हात लावायचा नाही, मालाला लावायचा. पंप उतरवला. थोडं कमी पडलं. मग मासे उतरवले. म्हटलं मासेच तर आहेत, उद्या जातील. सावलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी पंप चढवला, मासे उचलले, आणि थांबलो.”

“का?”

“बर्फाचं पाणी झालेलं, बाई. ऊन चढलेलं. आणि वास नाही! माशांना वास नाही असं होईल का? उघडलं तर बाटल्या. आत पेशंटचं नाव. काउंटरवरच्या पोरीला दाखवलं. तिने नाव दोनदा वाचलं. आदल्या दिवशी ती बाई हेच नाव घेऊन रडत होती म्हणे. तेवढ्यात वरून कळलं, ती म्हातारी गेली.”

आमच्या डोक्यावरून कबुतरं उडाली. त्यांना काही वजनबिजन नाही.

“परत का नाही दिलंस मग?”

“परत दिलं तर विचारणार ना, का उतरवलं म्हणून? मग त्या बाईला कोण सांगणार? तुम्ही सांगणार?” तो पहिल्यांदाच चिडला. “खोकं चोरीला गेलं तर चोराला शिव्या देऊन माणूस निदान झोपतं तरी. हे कळल्यावर ती कुणाला शिव्या देणार?”

“पास जाईल तुझा. आत टाकतील.”

“माझी आई कधीच गेली, बाई. मला काही तिला तोंड दाखवायचं नाहीय.”

मी त्याच्या शेजारी ढकलगाडीवर बसले. याचं ऐकावं तर हा जातो. खरं बोलावं तर ती बहीण जाते. अशा वेळी माणसाने काय करायचं हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायला कुणी समोर नव्हतं.

“ठेवलंस कुठे?”

“तुमच्याच खोलीत,” तो म्हणाला. “लाकडी पायाच्या मागे. तिथे कोण शोधतंय?”

६

माझा बेत साधा होता. साहेबांना एकट्याला गाठायचं, कानात सांगायचं, पोलिसांना परत पाठवायचं. बहिणीला काहीही सांगता आलं असतं. वारा, गोंधळ, चुकीचं विमान.

मी खोकं घेऊन साहेबांच्या खोलीत शिरले, तर बहीण-भाऊ दोघंही तिथेच बसलेले. कॅप्टन होते, काउंटरवरची मुलगी होती, आणि पैलवान दाराशी उभा. साहेबांना सगळं सगळ्यांसमोर करायची हौस.

खोकं बघून भाऊ ताडकन उठला.

“चोरी झालेली नाही,” मी घाईघाईने म्हणाले. “खोकं इथेच राहिलं होतं. वारा तोंडावर होता, वजन जास्त झालं, एक पंप आणि हे खोकं उतरवावं लागलं. पैलवान घाबरला आणि त्याने ते माझ्या खोलीत ठेवून दिलं. संपलं.”

“संपलं?” भाऊ कडाडला. “माझ्या आईचं औषध तुम्ही खाली ठेवलंत? कुणाला विचारून? एवढी अक्कल नाही तुम्हाला, औषध ठेवायचं आणि...”

“दादा,” मी म्हणाले. मला ते करायचं नव्हतं, पण पैलवानाची मान खाली खाली चालली होती. “औषध नव्हतं ते. मासे होते.”

तो होता तिथेच बसला.

“कसले मासे?” बहिणीने विचारलं. मला विचारलं, त्याला नाही.

 मग भाऊच बोलू लागला, टेबलाच्या कडेशी.

“औषध पाठवायला हॉस्पिटलचं पत्र लागतं. ते यायला दुपार झाली असती. बाहेर एक एजंट असतो. तो म्हणाला, मासे म्हणा, लगेच घेतात. सगळे तेच करतात म्हणाला.”

“आणि औषध म्हणून दिलं असतं तर?” बहिणीने साहेबांना विचारलं.

“औषध कधीच उतरवत नाहीत,” साहेब म्हणाले. त्यांना नियम येतात, माणसं येत नाहीत. “प्रवासी उतरवतील, पण औषध नाही.”

भावाने चष्मा काढला. काडी पुन्हा निखळली. ती तशीच हातात धरून तो बसून राहिला. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षं दाबून ठेवलेली एखादी खरमरीत गोष्ट आता बाहेर पडणार असं मला वाटलं. पण तिने पर्स उघडली, आतून सेफ्टी पिन काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. काडीसाठी.

मी मनात म्हटलं, आता इथेच थांबू दे. एवढ्यावर दोघं घरी जाऊ देत.

पण साहेब. साहेबांचं डोकं नेमकं तेव्हाच चाललं.

“एक मात्र कळलं नाही,” ते म्हणाले. “वारा पहाटेपासून होता. वजन सकाळीच जुळवलेलं. यांना तिकीट नाकारलं ते त्याचसाठी. मग ऐन वेळी जास्त काय झालं?”

काउंटरवरची मुलगी आपल्या बुटांकडे बघू लागली. कॅप्टन पंख्याकडे. पैलवान माझ्याकडे बघत होता, आणि नको नको म्हणून मान हलवत होता, इतकी हळू की दुसऱ्या कुणाला ती हलतेय हे कळलंही नसतं.

“पोस्टाच्या पिशव्या,” मी म्हणाले. “पोस्टाच्या पिशव्या आल्या शेवटच्या क्षणी. भिजलेल्या. भिजलं की वजन...”

“सामानबाई,” बहीण म्हणाली, “तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”

ती उठून टेबलाशी आली. दोन्ही हात खोक्याखाली घालून तिने ते जरासं वर उचललं. बाजारात एखादी वस्तू हातात तोलून बघतो, तसं. मग अलगद खाली ठेवलं.

“पंप किती जड होता?” तिने पैलवानाला विचारलं.

पैलवान वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

“आणि हे. पंप आणि हे मिळून.” ती खोक्याशीच बोलत होती. “मला काट्यावर उभं केलं होतं ना. मग बाहेर थांबवलं होतं. पोट उघडलं होतं विमानाचं.”

“ताई,” भाऊ म्हणाला.

सहा वर्षांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द असावा. तिने मान वळवली.

“ताई, नको.”

पण तिने खोक्यावर हात ठेवला, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईच्या हातात होता तोच हात.

“मी चढले,” ती म्हणाली, “म्हणून आईचं औषध उतरलं.”